उभ्यानं हिंजवडी

आमच्या कंपनीच्या बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या असायच्या आणि तरीही एक गृहस्थ उभे असायचे. डेक्कनच्या स्टॉपवर चढायचे, ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरायचे आणि विद्यापीठ, औंध, वाकड करत थेट हिंजवडीपर्यंत उभ्यानं यायचे. दोन हातांत दोन कापडी पिशव्या, दोन्ही सारख्या वजनाच्या. एकीत डबा, दुसरीत पाण्याची बाटली आणि वजन जुळावं म्हणून टाकलेला एक पितळी पेपरवेट. बसमध्ये चढलं की दोन्ही पिशव्या इंजिनच्या झाकणावर शेजारी शेजारी ठेवायच्या, मग दांडा.

ड्रायव्हर मुळशीकडचा. नवा होता तेव्हा त्यानं आठवडाभर विनवून पाहिलं.

"सायेब, बसा की ओ. म्या ब्रेक मारला तर काचंवर जाल."

"मग मारू नका."

"आन् म्हस आडवी आली तर?"

"तर आधी म्हशीची चौकशी करा. माझी नंतर."

त्यानंतर त्यानं नाद सोडला. म्हशी तेव्हा खरोखरच आडव्या यायच्या. हिंजवडीला काचेच्या इमारती आणि ऊस एकाच बांधावर उभे होते, आणि आमच्या इमारतीच्या मागचा रस्ता अर्धा झाला होता, अर्धा कागदावर होता.

ते पन्नाशी ओलांडलेले होते. ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांचं सरासरी वय सव्वीस-सत्तावीस असेल. आधी ते एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. परदेशातल्या बँकांचे जुने प्रोग्राम वाचता येणारी माणसं कंपनीला हवी होती, म्हणून त्यांना घेतलं. आम्ही एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायचो, व्हाइस प्रेसिडेंटलाही. ते मात्र सगळ्यांना अहो-जाहो करायचे आणि नाव कुणाचंच घ्यायचे नाहीत. ज्याचं जे काम, ते त्याचं नाव. "अहो नेटवर्क, बंद पडलंय." "काय हो पेरोल, आज लवकर?" मी टेस्टिंगमध्ये होते, म्हणून मी "अहो टेस्टिंग".

मुलं त्यांना मगर म्हणायची. कारण त्यांची काम करायची पद्धत. जागेवर खुर्चीच नव्हती. टेबलाखाली विटा लावून ते उंच केलेलं होतं आणि ते उभ्यानं टाइप करायचे. पण दुसऱ्याचा प्रोग्राम तपासायचा असला, की ते त्याचे प्रिंटआउट काढायचे, छोट्या मीटिंग रूममध्ये कुणाकडून तरी सतरंजी अंथरून घ्यायचे आणि पाठ ताठ ठेवून आधी गुडघ्यांवर, मग पालथे पडून, कोपरांवर छाती उचलून वाचायचे. तोंडात लाल पेन. ज्याचा प्रोग्राम असेल त्यानं शेजारी मांडी घालून बसायचं आणि बोलणी खायची.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"शुद्धीवर होतात का?"

मगर हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं. एकदा एक नवा मुलगा घाईघाईनं आत शिरला आणि त्यांच्या अंगावर पडता पडता वाचला. "मगरीजवळ येताना पाय सांभाळावेत," ते पेन न काढता म्हणाले.

एचआरची मुलगी दिल्लीची. क्लायंट येणार असला, की ती हात जोडत यायची. "सर, प्लीज, आज फ्लोअरवर नको. क्लायंट काय म्हणेल?"

"क्लायंट जमिनीकडे बघत नाही. तो रेट बघतो."

त्यांची पाठ कशी गेली याच्या ऑफिसात वेगवेगळ्या कथा होत्या आणि बहुतेक त्यांनीच पसरवल्या होत्या. मॉनिटर उचलताना, शिंकताना, साहेबांचं पडलेलं पेन उचलताना. मी एकदा सरळ विचारलं की यातलं खरं काय. "सगळंच," ते म्हणाले. "मॉनिटर हे निमित्त. त्याआधी वीस वर्षं वाकडं बसून तयारी केली होती. त्याचं श्रेय कोणी देत नाही."

माझी तयारी सात-आठ वर्षांतच झाली. सकाळी दात घासताना बेसिनवर वाकले होते, शिंक आली, आणि कमरेपासून डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढली. तशीच बसमध्ये चढले, कारण त्या आठवड्यात रिलीज होतं, प्रोग्राम क्लायंटकडे जायचा होता. बसले, उतरले, लंगडले नाही असं मला वाटत होतं. गेटपाशी ते मागून आले.

"कधीपासून?"

"काय?"

"डावा पाय."

"काही नाही, अवघडलाय."

"अवघडलेला माणूस एका बाजूला झुकून चालत नाही. डॉक्टरला दाखवा. आणि तोवर तीन गोष्टी ऐकून ठेवा. लघवी अडली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर मला विचारायचं नाही, घरच्यांना विचारायचं नाही. रिक्षा करायची आणि सरळ हॉस्पिटल. बाकी सगळ्याला वेळ आहे."

एमआरआय झाला. सर्जन समजूतदार होते. म्हणाले, डिस्क सरकली आहे, शिरेवर टेकली आहे, औषधं घ्या, फिजिओथेरपी घ्या, झोपून राहू नका, ऑपरेशन आत्ता नको. मला त्यातला फक्त "ऑपरेशन" हा शब्द ऐकू आला. घरी धायरीला सासूबाईंनी पलंगावर फळी टाकली. शेजारच्यांनी हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला. तीन वर्षांचा मुलगा हात वर करून समोर उभा राहायचा आणि मी त्याला उचलू शकत नव्हते. माझा स्वभाव यादीचा. घाबरले की मी यादी करते. बेल्ट, तेल, फळी, शेक, नवी उशी, सगळं नंबर घालून लिहिलं आणि कामावर परत आल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी ती उभ्यानं, शांतपणे वाचली.

"यादी उत्तम आहे. फक्त चालणं सतराव्या नंबरवर आहे. ते वर घ्या आणि बाकीचे सोळा काढून टाका."

त्या दिवशी जेवणानंतर ते मला मागच्या अर्ध्या रस्त्यावर घेऊन गेले. आणि मग रोजच.

ऑफिसात तिरकं आणि तुटक बोलणारा हा माणूस चालायला लागला की वेगळा व्हायचा. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, मध्ये आम्ही, हळू, हात मोकळे सोडून. पिशवी नाही, मोबाइल नाही. मी विचारायचे, ते सांगायचे.

"मणक्यांच्या मध्ये करंज्या ठेवल्यात असं समजा. आवरण चिवट, आत मऊ सारण. एकाच बाजूनं दाब पडत राहिला की कड उसवते. सारण बाहेर येतं आणि शेजारून जाणाऱ्या शिरेवर टेकतं. शीर पायात जाते, म्हणून बोंब पायात."

"मग ते आत परत कसं जाणार?"

"जात नाही. शरीर ते हळूहळू जिरवतं. बहुतेकांचं जिरतं. आपण फक्त मध्ये मध्ये करायचं नाही."

"आणि नाही जिरलं तर?"

"तर सर्जन आहेत. ते काय उपाशी मरताहेत का? पण आधी शरीराला संधी द्या."

शिंक आली तर कमरेत वाकायचं नाही, भिंतीला हात टेकवून गुडघे ढिले सोडायचे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर. बसलात तर तासाच्या आत उठायचंच, मीटिंगमध्ये साहेब बोलत असले तरी. "विशेषतः साहेब बोलत असले तर," ते म्हणायचे. एके दिवशी मी रडकुंडीला येऊन सांगितलं की पाय बरा वाटतोय पण कमर जास्त दुखायला लागली आहे. ते रस्त्यातच थांबले आणि चक्क हसले. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं.

"पेढे आणा. दुखणं पायातून वर चढतंय म्हणजे माघार घेतंय."

तसंच झालं. पावसाळा संपेपर्यंत तार गेली, नुसता ठणका उरला, मग तोही आठवण करून दिल्यासारखा अधूनमधून. आम्ही चालत राहिलो. आता मी बरी होण्यासाठी चालत नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. कामाच्या घाईत माझा डबा अर्धा राहायचा, पण चालणं चुकायचं नाही. नवऱ्याशी, आईशी, मैत्रिणींशी मी बोलायचे ते कशाबद्दल तरी बोलायचे. इथं काही ठरवून बोलावं लागत नव्हतं. ते उसाला तुरा आल्याचं दाखवायचे, मी त्यांना मुलाचे प्रताप सांगायचे. कधी पूर्ण फेरी न बोलता व्हायची आणि परत आल्यावर वाटायचं की पुष्कळ बोलणं झालं.

अशाच एका दुपारी माझं ओळखपत्र गळ्यातून निसटून खाली पडलं. मी वाकले आणि उचललं.

"अहो!" ते एवढ्यानं ओरडले की खडीवर बसलेली बाई दचकली.

"काय झालं?"

"वाकलात! कमरेत!"

"फिजिओथेरपिस्टनं सांगितलंय. आता थोडं थोडं वाकायला सुरुवात करा म्हणून. शूज बांधते मी रोज वाकून."

परत येताना ते दोन पावलं पुढं चालत होते. मला पहिल्यांदाच जाणवलं, की गेली इतकी वर्षं हा माणूस वाकलेलाच नाही.

ते किती खरं होतं ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी काही कागद द्यायला गेले होते. घरात खुर्ची नव्हती, सोफा नव्हता. सगळ्या वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. कपाटांचे खालचे कप्पे रिकामे. ओट्याखाली एक चमचा पडला होता.

"पडलाय," मी म्हटलं.

"कामवाल्या बाई येतील उद्या."

फोनच्या फळीवर एका लहान मुलीचा फोटो होता. दोन शेंड्या, पुढचे दात पडलेले.

"नात. अमेरिकेत असते."

"गोड आहे. भेटता की नाही?"

"फोटोत." मग थोड्या वेळानं, "मुंबईला जायचं, तिथून विमान, मध्ये बदलायचं, पुन्हा विमान. एक दिवसभर बसायचं. मुलगी दर रविवारी विचारते. मी सांगतो, पाठ."

"शेवटचं कधी बसला होतात?"

त्यांनी हिशोब केला नाही. "मुलीच्या लग्नात. पाटावर. आणि मग दोन महिने झोपून होतो."

नात सहा वर्षांची होती. मुलीलाही इकडे येणं जमलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी तिला एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. मी घरी आले आणि रात्रीचं जेवण करतानाही माझ्या डोक्यात एकच होतं, की जो माणूस मला "शरीराला संधी द्या" म्हणून सांगतो, तो स्वतःच्या शरीराला दहा-बारा वर्षं संधीच देत नाहीये.

सर्जनकडे त्यांना नेणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड प्रोजेक्ट. शेवटी मी सांगितलं, की मला दाखवायचंय आणि सोबतीला कोणी नाही. आत गेल्यावर, मी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, सर्जननी त्यांनाच टेबलावर घेतलं. पाय उचलून बघितले, रिफ्लेक्स बघितले, पालथं झोपवलं, उभं केलं, वाकायला लावलं. वाकायला त्यांना पाच मिनिटं लागली, पण हात गुडघ्याच्या खाली गेले.

"काका, काय त्रास होतो?"

"काही नाही."

"मग का आलात?"

"ह्या घेऊन आल्या."

"पाठ चांगली आहे तुमची. या वयात असावी त्यापेक्षा चांगली. डिस्क बरी होऊन जमाना झाला असेल. बसा."

"नको."

"बसा म्हणजे आता निवांत बसा. बसायला हरकत नाही."

"मी उभा बरा आहे."

सर्जन माझ्याकडे बघून हसले. बाहेर आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढचा आठवडाभर दुपारी एकटेच चालायला गेले. मी काचेतून बघत होते. पाठ एकदम ताठ, उसाच्या कडेकडेनं.

आठव्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"अहो टेस्टिंग. तुम्ही लोक एखादी गोष्ट तपासता ते एकदम सगळी तपासता का?"

"नाही. थोडी थोडी. आधी लहान भाग, मग मोठा."

"मग तशी यादी करा."

अशी ती बसमधली शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी डेक्कन ते विद्यापीठ, एवढंच. खिडकीशी मी, कडेला ते. कमरेमागे माझी शाल गुंडाळून ठेवली होती. ते सीटवर टेकले तेव्हा सगळी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं.

"आरं! सायेब बसलं!"

"पुढं बघा," ते म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता. समोरच्या सीटचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी आवळला होता, कपाळावर घाम.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

गणेशखिंडीचा चढ आला तेव्हा त्यांनी एक हात दांड्यावरून सोडला.

"दुखत नाहीये हो. दुखेल असं वाटतंय. तेवढ्यानंच मी इतकी वर्षं..." आणि विद्यापीठ आलं. ते उठून उभे राहिले, पाठीवरून हात फिरवला, जागेवर आहे ना बघतात तसा.

मग औंध. मग वाकडचा पूल. ड्रायव्हर आता गतिरोधकावर बस इतकी हळू काढायचा की मागच्या सीटवरची मुलं ओरडायची. ज्या दिवशी ते थेट हिंजवडीपर्यंत बसून आले, त्या दिवशी खाली उतरताना त्यानं हात पुढं केला. "जिंकलं सायेब." त्यांनी हात मिळवला आणि म्हणाले, "आता ब्रेक मारायला हरकत नाही."

दुपारच्या फेऱ्या परत सुरू झाल्या होत्या, पण आता विषय एकच. नातीला काय न्यावं, तिकडे थंडी किती असते, विमानात कोणती सीट. मी सगळं शोधून काढलं, छापून दिलं. ते बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. मला फार बरं वाटत होतं. आणि त्याच वेळी मी मनातल्या मनात त्या रस्त्यावरच्या किती दुपारी उरल्या आहेत ते मोजायला लागले होते, ते मात्र मी कुठंच लिहून काढलं नाही.

मुंबई एअरपोर्टची टॅक्सी त्यांच्या गल्लीत शिरत नव्हती, म्हणून आम्ही रस्त्यापर्यंत चालत गेलो. ते पुढच्या सीटवर बसले, सहज, जसं कोणीही बसतं. पट्टा लावला. "तीन महिने," ते म्हणाले. "रोज चाला. मी नाही म्हणून सुट्टी घेऊ नका."

तीन महिन्यांचे सहा झाले. मग त्यांनी कंपनीला राजीनामा पाठवला. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या मुलीच्या कोणा नातेवाइकानं बंद केल्या. त्यांच्या उंच टेबलाच्या विटा काढल्या गेल्या आणि तिथे एक मुलगा बसायला लागला, पाठीला पोक काढून, दिवसदिवसभर. मी त्याला उठवायचे. तो म्हणायचा, "येस मॅम," आणि मी वळले की परत तसाच.

मागचा रस्ता पुरा झाला, ऊस गेला, इमारती आल्या. मी चालत राहिले. नव्या नव्या मुलामुलींच्या कमरा जात राहिल्या आणि कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवायचं. मी त्यांना करंजीचं सांगते, रिक्षाच्या तीन गोष्टी सांगते, चालायला घेऊन जाते. ती चालतात, बरी होतात आणि मग कानात वायर घालून आपापली चालतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. चालणं हे सोबतीचं काम आहे असं औषधाच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

ते तिकडेच वारले. मुलीनं ईमेल केली होती, दोन ओळींची. मला त्यांचा आठवतो तो त्याच्याही कितीतरी आधीचा, अमेरिकेला गेल्यानंतर तिसऱ्या वर्षीचा एक रविवारचा फोन. दिवाळीचे दिवस होते.

"या की एकदा," मी म्हटलं.

"बघू."

"बघू काय? मी सांगते कसं यायचं. मध्ये दुबईला एक दिवस उतरायचं, आडवं व्हायचं. कडेची सीट मागायची. तासातासानं उठून मागे जाऊन उभं राहायचं, तिथे जागा असते. मुंबईला गाडी मी पाठवते, घाटात थांबवायला सांगते..."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो टेस्टिंग," ते म्हणाले, "पाठ ठणठणीत आहे."

मी यादीचा कागद घडी घालून ठेवला.

"नात शाळेतून येते तेव्हा घरी कोणीतरी लागतं. दार उघडलं की ती आधी माझंच नाव घेते. मग आम्ही बसतो खिडकीशी, ती शाळेतलं सांगते, मी ऐकतो. दोन-दोन तास."

"दोन तास? बसून?"

"बसून."

"छान," मी म्हटलं, आणि ते खरोखरच छान होतं. मग त्यांनी माझ्या पाठीची चौकशी केली, मी उत्तम आहे म्हणून सांगितलं, मुलाचं सांगितलं, तिकडच्या थंडीचं विचारलं. फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. इतका वेळ बसू नये हे मला माहीत होतं.